शाळा सोडल्याचे कारण

शाळेचं नाव लिहीत नाही. गावाचं लिहिलं तरी शाळेचं आपोआप कळेल, कारण खान्देशात अशा शाळा मोजायला दोन हातांची बोटंही जास्त होतात. तेव्हा गावही राहू द्या. गावात एसटीचा डेपो आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि ‘कॉन्व्हेंट’ एवढंच म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही, एवढं पुरे.

फेब्रुवारीत तिथल्या आत्ताच्या प्रिन्सिपल सिस्टरांचा फोन आला. शाळेला साठ वर्षं होतायत, हीरक महोत्सव आहे, स्मरणिका काढायची आहे. “तुम्ही पेपरात मराठी लिहिता ना? मग दोन पानं द्या. मिशन अँड हिस्टरी. मार्चएंडच्या आत.” मार्चएंड म्हणजे बँकेत आमचा जीव जायची वेळ, पण शाळेच्या प्रिन्सिपलला नाही म्हणायची सवय मला अजून लागलेली नाही. वयाच्या पन्नाशीला आले तरी ‘सिस्टर’ म्हटल्यावर मी फोनवर बसल्या जागी ताठ होते.

माहिती म्हणून त्यांनी एक झेरॉक्स पाठवली. वर शाळेचं बोधचिन्ह, खाली सर्वांगीण विकास, मूल्याधिष्ठित शिक्षण, वंचित घटकांपर्यंत पोहोचणे. शब्द चांगलेच आहेत. फक्त हाच कागद नवापूरपासून रावेरपर्यंतच्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर चिकटवला, तरी भिंतीला कळणार नाही. इतिहास म्हणून चार ओळी होत्या. एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात, तीन सिस्टर, बावीस मुलं, आणि मग एकदम ‘आजचा वटवृक्ष’. वटवृक्ष आला की मी वाचायचं थांबते.

मग मी शाळेत गेले आणि क्लार्ककडे जनरल रजिस्टर मागितलं.

ज्यांनी शाळेच्या ऑफिसात कधी काम केलं नाही त्यांना जनरल रजिस्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. शाळेत आलेलं प्रत्येक मूल त्यात एका ओळीत असतं. नंबर, नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. दाखला त्याच्यावरूनच फाडतात. मूल शाळेत दहा वर्षं असलं तरी त्याला ओळ एकच. ऑफिसातली सगळी कागदपत्रं जळाली तरी चालेल पण हे रजिस्टर जळता कामा नये, असं जुने क्लार्क सांगतात. आमच्या शाळेचं पहिलं रजिस्टर लाल कापडी पुठ्ठ्याचं आहे. छापील रकाने मराठी, कारण ते गावातल्याच स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं. आणि भरलेलं सगळं इंग्रजीत, निळ्या-काळ्या शाईत, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. ते अक्षर मी ओळखते. आमच्या निबंधाच्या वह्यांवर तेच असायचं, फक्त लाल.

क्लार्क शेजारीच बसला होता. नावं उतरवून घ्यायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, या अटीवर. अट योग्यच होती.

पहिल्यापासून आजवरची रजिस्टरं नुसती चाळली तरी गावाचा नकाशा बदलताना दिसतो. १९६० च्या आधी जन्मलेल्या मुलांच्या जन्मस्थळात कुणाचं ‘वेस्ट खान्देश’, कुणाचं ‘ईस्ट खान्देश’. १९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे हे दोन तुकडे केले होते. मग हळूहळू ‘धुळे’ आणि ‘जळगाव’ दिसू लागतात. आणि १९९८ च्या जुलैनंतर जन्मलेल्यांमध्ये मधूनच एखादं ‘नंदुरबार’. प्रवेश अर्जांचे गठ्ठे वेगळे, सुतळीने बांधलेले. त्यात वडिलांचा व्यवसाय. सुरुवातीला रेल्वे, पोस्ट, पोलीस, मामलेदार कचेरी, म्हणजे सगळी बदलीवाली माणसं. मग कापसाचे आणि केळीचे व्यापारी. मग डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर. नव्वदच्या पुढे ‘बिझनेस’ हा एकच शब्द, ज्यात काहीही मावतं. मधूनमधून बोर्डिंगच्या मुली, सातपुड्याकडच्या पाड्यांवरच्या. त्यांच्या अर्जावर व्यवसाय ‘मजुरी’ आणि सहीच्या जागी अंगठा. त्या अंगठ्याखाली सिस्टरांनी स्वतःची सही केलेली आहे, साक्षीदार म्हणून.

आता थोडं ‘कॉन्व्हेंट’बद्दल. आपल्याकडे हा शब्द इतका फिरलाय की त्याचा मूळ अर्थ सांगितला तर लोक हसतील. ‘गजानन कॉन्व्हेंट’, ‘श्री स्वामी समर्थ इंग्लिश कॉन्व्हेंट’ असे बोर्ड आपण रोज वाचतो. कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा, म्हणजे या सिस्टरांचा, मठ, त्या राहतात ती जागा. शाळा त्याच्या अंगणात असते, एवढंच. पण आमच्या आज्या-आयांनी त्या शब्दातून जे उचललं ते मठ नव्हे, इंग्रजी. टाय, पॉलिश केलेले बूट आणि ‘मे आय कम इन’. मठाचं काय ते सिस्टरांनी बघावं.

मठाचं म्हणजे नेमकं काय, हे मलाही शाळेत असताना माहीत नव्हतं. पुढे वाचत गेले तसं कळलं. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने आपली पहिली शाळा १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी काढली. त्यांच्या त्या जुन्या शाळांमध्ये शिकवायची फी घेत नसत. कुणी राजा, सरदार किंवा नगरपालिका देणगी देई, त्यावर शाळा चाले. अभ्यासक्रमाचा त्यांचा जाडजूड आराखडा १५९९ चा. मुलींसाठी शिकवणाऱ्या जोगिणी थोड्या वेगळ्या वाटेने आल्या. व्हेरोना शहरात १८०८ साली माग्दालेना दि कानोसा या सरदारघराण्यातल्या बाईने गरीब वस्तीतल्या मुलींसाठी काम सुरू केलं, राजवाड्यासारखं घर सोडून. तिच्या नावाच्या जोगिणी आजही महाराष्ट्रात शाळा चालवतात. थोडक्यात, या सगळ्या कामाचं मूळ फुकट आणि गरिबांसाठी. आणि आमच्या गावातल्या शाळेबाहेर सकाळी पावणेआठला ज्या गाड्या उभ्या असतात, त्या बघून हे कुणाला पटणार नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. फी घेतल्याशिवाय विनाअनुदानित शाळेत पगार होत नाहीत, हे मला बँकेतून रोज दिसतं. पण मूळ लक्षात ठेवलं की दोन गोष्टी शेजारीशेजारी दिसतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

खान्देशात हे मिशनरी लोक आले ते रुळांवरून. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६० च्या दशकात रेल्वे घाट चढून भुसावळला पोचली, १८६७ ला नागपूरला आणि १८७० ला जबलपूरला जाऊन कलकत्त्याकडून आलेल्या लायनीला मिळाली. भुसावळला रूळ फुटतो, एक फाटा नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे. जिथे रूळ फुटतो तिथे इंजिनं बदलतात, इंजिनं बदलतात तिथे ड्रायव्हर उतरतात, आणि ड्रायव्हर-गार्ड त्या काळात बहुतेक युरोपियन नाहीतर अँग्लो-इंडियन. त्यांच्यामागे गोव्याचे कारकून. माणसं आली, मग रविवार आला, मग पाद्री. मुंबई-पुण्याकडचं मिशन तेव्हा जर्मन जेझुइटांकडे होतं. पुण्याचा धर्मप्रांत १८८६ चा. पहिल्या महायुद्धात यातल्या बऱ्याच जर्मनांना शत्रूचे नागरिक म्हणून इंग्रजांनी डांबलं आणि घालवून दिलं. आयुष्य जिथे घालवायचं ठरवलं त्या देशातून. आमचा भाग पुण्याकडून निघून नाशिकच्या नव्या धर्मप्रांतात गेला तो १९८७ साली. मी तेव्हा पाचवीत होते आणि त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, म्हणून मला त्याचा पत्ताही लागला नाही.

आणखी एक तारीख मला महत्त्वाची वाटते, २८ ऑक्टोबर १९६५. रोममध्ये कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. त्या एका दिवशी दोन जाहीरनामे निघाले, एक शिक्षणाबद्दलचा आणि एक इतर धर्मांबद्दलचा. इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांची नावं घेऊन म्हटलं. आमच्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये बावीस मुलं बसली ती त्याच सुमारास. त्या तीन सिस्टरांनी तो कागद वाचला होता की नाही, कुणास ठाऊक. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी झगे उतरवून सुती साड्या नेसल्या, आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली, हे त्याच परिषदेच्या वाऱ्याचं. आमच्या प्रिन्सिपल सिस्टर साडीच नेसायच्या. फिकट निळी काठाची, पदर खांद्यावर, डोक्याला आखूड पांढरा पडदा, आणि पदराला सेफ्टी पिना चार. हातात कायम एक पत्र्याची पेटी. त्यात खडू, चाव्या, बँडेज, लिमलेटच्या गोळ्या. पोरं त्यांना ‘पेटीवाल्या’ म्हणत. मीही तसंच म्हणते.

पेटीवाल्या सिस्टर केरळातल्या. त्यांना मी कधी घाम पुसताना पाहिलं नाही, पण त्यांच्या खोलीच्या खिडकीला लाकडी कूलर होता आणि त्यातल्या वाळ्याच्या पडद्यावर त्या दुपारी स्वतः बादलीने पाणी मारत. मराठी त्या तिसरीच्या बालभारतीवरून शिकल्या, आमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून. लिंग कधीच जमलं नाही. “ए मुलगा, तू का रडते?”

तर धर्माबद्दल. लोकांना यातच जास्त रस असतो, म्हणून उरकून टाकते. रोज सकाळी प्रार्थना इंग्रजीत. ‘हॅलोड बी दाय नेम’ हे आम्ही चौथीपर्यंत ‘हॅलो, बी दाय नेम’ असं म्हणत होतो. देवाला आधी हॅलो करायचं, मग मागणं मागायचं, हे आम्हाला रीतसर वाटे. आठवड्यातून दोन तास कॅथलिक मुलं चॅपलमध्ये कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाला, जात. आमच्या वर्गात ती चार होती. उरलेले आम्ही मॉरल सायन्सला. त्यात एक खोटं न बोलणारा लाकूडतोड्या आणि एक गर्विष्ठ ससा, दर वर्षी तेच. घटनेच्या २८ व्या कलमात लिहिलं आहे की सरकारमान्य शाळेत कुणालाही पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि ३० व्या कलमात अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. ही दोन्ही कलमं आमच्या शाळेत एकाच घंटेला पाळली जात, चार मुलं दाराबाहेर आणि बाकीची आत. आमच्यापैकी कुणी धर्म बदलला नाही. दोघं-तिघं मात्र आयुष्यभर परीक्षेआधी छातीवर क्रॉस करतात, आणि त्यातला एक तर गणपती मंडळाचा अध्यक्ष आहे.

उलट बदलायचं ते सिस्टरांनाच बदलावं लागलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. रात्रभर जागरण, गाणी, आणि सोमवारी नदीवर विसर्जन. त्या सोमवारी वर्गात निम्मे बाक रिकामे. पहिली काही वर्षं सिस्टरांनी दंड लावून पाहिला, चिठ्ठ्या पाठवून पाहिल्या. मग एका वर्षी वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात त्यांनी त्या सोमवारच्या चौकोनात स्वतःच्या हाताने ‘नो टेस्ट’ लिहिलं. मी तो तक्ता आता पाहिला. कारणाच्या जागी लिहिलंय ‘के.बी.’

एका कानबाईला त्या आमच्या घरी आल्या होत्या. आईची पंचाईत झाली. कानबाईचा रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, भाऊबंदांतच खायचा असतो, बाहेर द्यायचा नसतो. लेकीलासुद्धा लग्न झाल्यावर देत नाहीत. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, “रोट भाऊबंदस्नाच ऱ्हास वं, सिस्टरले कसा देऊ?” शेवटी दूध आणि चार केळी. सिस्टरांनी रोटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि केळं सोललं. त्या स्वतः दर रविवारी प्रसादाची जी छोटी पांढरी चकती वाटत, तीही आम्हाला मिळत नसे. त्यांना कळलं असावं.

आता दंडाचं लिहिते. शाळेच्या आवारात मराठी बोललं की पंचवीस पैसे. आणि मराठीही नव्हे, आमच्यातले अर्धे घरी अहिराणी बोलणारे. पहिलीत माझ्या शेजारची मुलगी उभी राहून रडत म्हणाली, “मना डबा घर ऱ्हाई गया.” वर्ग हसला. टीचरने तिला विचारलं, ही कुठली भाषा? तिला वाटत होतं ती मराठीच बोलतेय. त्या दिवशी तिला डबा नव्हता आणि वर पंचवीस पैसे लागले. ते पैसे एका टिनच्या डब्यात जात, ज्याला झाकणावर चीर पाडलेली होती आणि बाहेर इंग्रजीत ‘मिशन बॉक्स’ लिहिलं होतं. ऑक्टोबरात एका रविवारी जगभर चर्चमध्ये मिशनसाठी वर्गणी गोळा करतात, तिकडे ते जात असावेत. म्हणजे आफ्रिकेतल्या कुठल्या तरी शाळेच्या एखाद्या विटेत आमच्या अहिराणीचा वाटा आहे.

गंमत अशी, की १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इथली भाषा शिकून तिच्यात ओव्या रचत होता, आणि त्याचं येशूवरचं पुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ते मराठीत. पावणेचारशे वर्षांनी त्याच धर्माच्या शाळेत आम्ही मराठी बोलल्याचा दंड भरत होतो. पण मी हे एका तोंडाने सांगते आणि दुसऱ्या तोंडाने हेही सांगायला हवं की दंड बंद करा म्हणून कुणी पालक कधी बोलला नाही. उलट माझे वडील, डेपोत वाहतूक नियंत्रक, खाकी शर्टातून सुट्टे पैसे काढून मला देत आणि म्हणत, “पन्नास पैशांचंच बोल.” सिस्टरांना इथे पाठवलं होतं त्यांच्या मठाने, त्यांच्या कामासाठी. आमच्या वडिलांनी त्यांना ठेवून घेतलं ते आपल्या कामासाठी. दोन्हीकडच्या यादीत इंग्रजी होती. बाकीचं ज्याचं त्याने सांभाळून घेतलं.

‘मिशन’ या शब्दाचं मूळ लॅटिन क्रियापदात आहे, अर्थ पाठवणे. हे मला कळलं तेव्हा मी फार वेळ थांबले होते. मिशन म्हणजे पाठवणी. आपल्याकडे पाठवणी म्हटलं की मांडवाच्या दारात रडणारी मुलगी दिसते, गाडीच्या टपावर कपाट, मागच्या सीटवर फराळाचे डबे. सिस्टरांची पाठवणी त्यांच्या घरातून विसाव्या वर्षाच्या आतबाहेर होते आणि मग होतच राहते. उन्हाळ्यात मठाच्या वरिष्ठांचं पत्र येतं. अमुक गावी जा. का, कशासाठी, तिथे माझं कोण, असं विचारायचं नसतं. आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं, गरिबीचं आणि ब्रह्मचर्याचं त्याच्या जोडीला. एक ट्रंक, एक पिशवी.

रजिस्टरच्या त्या शेवटून दुसऱ्या रकान्याकडे मी याच शब्दामुळे वळले. शाळा सोडल्याचे कारण. सुरुवातीच्या पानांवर ओळीने ‘फादर ट्रान्सफर्ड’. मग ‘पास्ड एस.एस.सी.’. मधून ‘मॅरेज’, सातवी-आठवीतल्या मुलींसमोर. सत्तरच्या दशकात बऱ्याच, ऐंशीच्या दशकात कमी, आणि मग नाहीच. ही एक गोष्ट झेरॉक्सवरच्या सगळ्या शब्दांपेक्षा मोठी आहे आणि तिच्यावर कुणी एक वाक्य लिहिलेलं नाही. आठवीतल्या मुलीचं लग्न ठरलं की सिस्टर पेटी घेऊन तिच्या घरी जात, मराठीत ‘तो अजून लहान आहे’ म्हणत, लोक हसत, आणि त्या हसण्यातून कधी कधी एक वर्ष मिळे. एका मुलीला असं तीनदा एकेक वर्ष मिळालं. ती आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे.

पण १९८० नंतर एक चौथं कारण दिसू लागतं. ‘अ‍ॅट पेरेंट्स रिक्वेस्ट’. पालकांच्या विनंतीवरून. आणि ते कायम नववी संपताना.

हे मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दहावीचा निकाल शंभर टक्के हवा, तो पेपरात आला पाहिजे, म्हणून नववीत काठावर असलेल्यांच्या पालकांना एप्रिलमध्ये बोलावून घ्यायचं. मुलाला झेपत नाही, मराठी शाळेत टाका, आम्ही पास करून दाखला देतो. विनंती शाळेची, अर्जावर सही पालकाची. अशा शाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यात सगळ्या धर्मांच्या संस्था आहेत. पण ज्यांच्या भिंतीवर ‘वंचित घटक’ लिहिलंय त्यांच्याकडून ते जास्त लागतं.

पहिलीत डबा विसरलेली माझी शेजारीण त्यातच गेली. गणित आणि इंग्रजी, दोन विषय. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल. ते त्या दिवशी पांढरा धुतलेला शर्ट घालून आले होते, कारण त्यांना वाटलं पोरीचं काही कौतुक असेल. रजिस्टरमध्ये तिच्या ओळीवर मी बोट ठेवलं तेव्हा क्लार्कने माझ्याकडे पाहिलं नाही. अक्षर तेच होतं, उजवीकडे झुकलेलं, निळं-काळं. पेटीवाल्या सिस्टरांचं. कुणा दुसऱ्याचं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती कुठल्या मराठी शाळेत गेली नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली आणि दुसऱ्या खेपेला सुटली. आज तिची टिश्यूकल्चर केळीच्या रोपांची नर्सरी आहे, शेडनेट माझ्या घरापेक्षा मोठं, आणि चार बायका कामाला. लेख लिहायला घेतल्यावर मी तिच्याकडे गेले. रोपांच्या पिशव्यांच्या रांगांमधून आम्ही फिरलो. ती अजूनही अहिराणीच बोलते आणि आता तिला कुणी दंड करत नाही. मी विचारलं, राग येत नाही का ग? ती म्हणाली, येतो ना. मग म्हणाली, पोरीला तिथेच टाकलीय, सातवीत आहे. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने एका रोपाचं पिवळं पान नखाने खुडलं आणि म्हणाली, “शाळा चांगली शे ना वं.” पुढे काही स्पष्टीकरण नाही. तिची मुलगी शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून आलेली नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निकाल दिला. ही बाई पूर्ण फी भरते. रोपांच्या पैशातून.

स्मरणिकेत मी हे लिहिलं. नाव न घेता, दोन परिच्छेदांत, लग्नं थांबवल्याच्या गोष्टीला लागून. प्रिन्सिपल सिस्टरांनी मसुदा वाचून परत पाठवला. सगळीकडे शुद्धलेखनाच्या बारीक खुणा, त्या दोन परिच्छेदांशेजारी पेन्सिलीने एक उभी रेघ, आणि रेघेपुढे काहीच नाही. प्रश्नचिन्हही नाही. मी फोन केला. “तुम्ही रजिस्टर बघितलं ना?” म्हणाल्या. हो म्हटलं. “मी पण बघितलं,” म्हणाल्या, आणि मग छापखान्याच्या तारखेचं बोलू लागल्या. स्मरणिका अजून छापून यायची आहे. रेघ म्हणजे ठेवा की काढा, ते तेव्हा कळेल.

पेटीवाल्या सिस्टर रजिस्टरमध्ये नाहीत. शिक्षकांसाठी तसलं रजिस्टर नसतं. त्यांचा असतो तो हजेरीचा मस्टर, त्यात १९९२ च्या मे महिन्यात त्यांच्या नावापुढे एका तारखेपर्यंत सह्या आहेत आणि पुढचे चौकोन कोरे. त्याच वर्षी मी दहावी झाले.

बदलीचं पत्र आल्याचं वडिलांना डेपोत कळलं, कारण तिकिटाचं आरक्षण तिथेच झालं. आई म्हणाली, आपण जाऊ. दुपारची वेळ, डांबर चपलेला चिकटत होतं. तिच्या हातात ताट, त्यावर रुमाल. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मी म्हटलं, अगं, सिस्टरांची ओटी? त्या लग्न केलेल्या नसतात. आई चालत राहिली. तिने केव्हाच चौकशी केलेली होती. सिस्टरांच्या बोटात साधी चांदीची अंगठी असायची. आईने एकदा विचारलं होतं, ही कुणाची? सिस्टरांनी हसून चॅपलकडे, म्हणजे येशूकडे, हात केला होता. आईने त्यावर रस्त्याने मला सगळा हिशोब सांगितला. “मंग नवरा शेच ना. आन् तिसरा दिन उठना ना तो? म्हंजे जित्ता शे. सवाशीनच व्हयनी ती.”

यावर मला दहा वर्षांच्या मॉरल सायन्समधलं काही आठवेना.

सिस्टर मठाच्या ओट्यावर ट्रंक आवळत होत्या. आईला बघून उभ्या राहिल्या. ताट बघून त्यांना वाटलं खायचं आहे, त्यांनी ट्रंकेचं झाकण उघडून जागा केली. आई म्हणाली, “पेटीमा नही, सिस्टर. वटीमा ल्या.” मी इंग्रजीत समजावलं. तेव्हा त्यांनी खांद्यावरची एक पिन काढली, मग दुसरी. तिसरी गंजून अडकली होती, ती काढताना बोटाला लागलं. चौथी काढल्यावर पदर सुटला, मी तो त्यांना कधी सुटलेला पाहिला नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी तो पुढे धरला, जरा जास्तच खाली, भाजी घ्यायला धरतात तसा. आईने हळद-कुंकवाची बोटं वर नेली, थांबली, आणि कुंकू कपाळाला न लावता पदराच्या काठाला लावलं. मग पाच वेळा ओंजळीने तांदूळ घातले, खण आणि नारळ ठेवला.

“आता पाच दाना माघारी टाका,” आई म्हणाली, आणि ताट पुढे केलं.

सिस्टरांनी एका हातात पदर गोळा करून धरला आणि दुसऱ्या हाताने एकेक दाणा उचलून ताटात टाकू लागल्या. ओठ हलत होते. इंग्रजीत नव्हे, आणि बालभारतीतलंही नव्हे. ओन्नु, रंडु, मून्नु, नालु, अंजु.